साद कुठल्या दाराची

जावातल्या जोग्जा शहरात, कोतागेदेच्या चांदीवाल्यांच्या गल्लीत, किनासीहचं घर शोधायला फार त्रास पडत नाही. ज्या घराचं पुढचं दार कुठलं नि मागचं कुठलं हे घरच्यांनाही कधी ठरवता आलं नाही, ते तिचं. एक दार बाजाराच्या गल्लीत उघडतं, दुसरं स्वयंपाकघरातून नदीकडच्या बोळात. दोन्हींना आतून लाकडी अडसर. बाहेरच्यानं आवाज द्यायचा, आतल्यानं अडसर काढायचा. मध्ये एकदा घंटी बसवली होती, पण गल्लीतली पोरं येता-जाता ती वाजवून पळायची, म्हणून काढून टाकली.

तिचा नवरा विदाग्दो चांदीवर नक्षी ठोकतो. लग्नानंतर तोच हिच्या घरी राहायला आला. तिकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही, घरजावयाची टिंगल करायची सोय नाही. कारखान्यातून सरळ आला की तो नदीच्या बोळातून येतो, दुकानात माल पोचवून आला की बाजाराकडून. कुठूनही आला तरी दार म्हणून ठोठावायचा नाही. दिवसभर ठोकूनच आलेला असायचा. दोन तळव्यांची ओंजळ करायची, अंगठ्यांच्या फटीत फुंकर मारायची आणि होला पाखरासारखं घुमायचं. घू, घुघू, घू. की किनासीह हातातलं काम टाकून नेमकी त्याच दाराशी हजर.

ही सवय लग्नाआधीची. तिचे वडील भारी तापट. बाजाराच्या बाजूनं साद आली की म्हातारा लुंगीसारखा सारोंग सावरत, हातात झाडू घेऊन तिकडे धावायचा. तोवर विदाग्दो वळसा घालून बोळात पोचलेला असायचा आणि तिथून हळूच घुमायचा. त्यात गल्लीत घरोघरी होले पिंजऱ्यात टांगलेले. माणूस घुमला की चारी बाजूंनी पाखरं उत्तरं द्यायची आणि म्हातारा अंगणात भोवऱ्यासारखा फिरायचा. किनासीह मात्र कधी चुकली नाही. एवढ्या होल्यांतून एक माणूस तिला ओळखू यायचा, आणि तो कोणत्या वळणावर उभा आहे तेही. "ही पोरगी नाही, मांजर आहे," असं म्हणून म्हाताऱ्यानं शेवटी झाडू टाकला आणि लग्नाला होकार दिला.

असा तो कान. त्यातला डावा एका सकाळी गेला.

ती उठली तेव्हा कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं आणि डोकं गरगरत होतं. आता जावा बेटावर माणसाला काहीही होवो, ताप, पोटदुखी किंवा प्रेमभंग, निदान एकच: अंगात वारं शिरलं. उपायही एकच. पाठीला तेल चोळायचं आणि नाण्याच्या कडेनं लाल रेघा उठेपर्यंत खरवडायचं. शेजारची बू तुकिनेम, म्हणजे तुकिनेमकाकू म्हणा, दारातूनच ओरडली, "कानात वारं शिरलंय गं, दुसरं काय! खरवड म्हणावं त्याला. माझ्या भावजयीचं असंच झालं होतं, चार दिवसांत कशी ठणठणीत झाली!"

विदाग्दोनं खरवडलं. रोज कामावरून आला की तिला पालथी झोपवून पाठ खरवडायचा, मन लावून, जसा चांदीवर काम करतो तसा. पाठ लालेलाल झाली, कान काही उघडला नाही. शेवटी इस्पितळात गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लगेच यायला हवं होतं हो. आता नसच गेली." घरी परतताना विदाग्दोनं पुलावर गाडी थांबवली, ते नाणं खिशातून काढलं आणि नदीत टाकलं.

एका कानानं ऐकू येतं ना, मग झालं तर, असं लोक म्हणतात. ऐकू येतंच. पण आवाज कुठून आला हे दोन कान मिळून ठरवतात. किनासीहला आवाज यायचे, त्यांना जागा नसायची. मोटरसायकल असो, पडलेलं भांडं असो, नाहीतर कुणी मारलेली हाक, सगळं उजव्या कानाच्या तोंडाशीच घडतंय असं वाटायचं. पुतूच्या गरम वड्या विकणारा वाफेची शिट्टी वाजवत यायचा; ही ताटली घेऊन गल्लीच्या एका टोकाला धावायची आणि तो दुसऱ्या टोकानं निघून जायचा. बू तुकिनेम म्हणायची, "तुझ्या नशिबी पुतू नाही बघ." किनासीह हसायची. पुतूवाचून कुणाचं अडत नाही.

अडलं ते दुसरीकडेच. विदाग्दो बोळातून घुमला की ती बाजाराचं दार उघडायची. दोनच तर दारं, चुकलं तर दुसरं उघडावं, त्यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. तीही तसंच म्हणायची. पण एका संध्याकाळी नदीकडचं दार उघडेना म्हणून विदाग्दो वळसा घालून बाजाराकडून आला आणि त्यानं पाहिलं, की बायको दार उघडून, केस सारखे करून, रिकाम्या गल्लीकडे बघत हसतमुखानं उभी आहे. तो दिसला तरी तिचं हसू तसंच होतं, फक्त गालावरून पाणी वाहत होतं.

त्या दिवसापासून त्यानं घुमणं सोडलं. घरी आला की फोनवर एक शब्द पाठवायचा, 'नदी' किंवा 'बाजार'. फोन खिशात थरथरायचा आणि ती बरोबर दार उघडायची. पुन्हा म्हणून चूक झाली नाही. नवरा किती समंजस, असं बायका म्हणायच्या, आणि ते खोटंही नव्हतं.

पण किनासीहला ती साद हवी होती. चुकीच्या दाराशी उभं राहावं लागलं तरी चालेल, रडू आलं तरी चालेल, पण हवी होती. ती एवढी साधी गोष्ट नवऱ्याजवळ मागता येईना. मागायची तर त्याच्या समंजसपणाचाच त्रास होतो हे सांगावं लागणार, आणि ज्या माणसानं नाणं नदीत टाकलं त्याला आणखी काय सांगायचं? एकदा तिनं आडून विचारून पाहिलं. "मास, हल्ली घुमत नाही तुम्ही." मास म्हणजे दादा, तिकडे बायका नवऱ्यालाही दादाच म्हणतात, त्याला आपला इलाज नाही.

"दात हलतोय एक," तो म्हणाला. "फुंकर बसत नाही."

तो झोपल्यावर ती त्याच्या उघड्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. दात सगळे खिळ्यांसारखे घट्ट होते.

आता तिच्या कामाचं. जोग्जाच्या उत्तर टोकाला एका भाड्याच्या घरात मूठभर माणसं मिळून व्हिडिओ गेम बनवतात, त्यांतली ती एक. गेममध्ये कांचिल आहे. कांचिल म्हणजे काड्यांसारख्या पायांचं, सशाएवढं हरीण. आपल्या जंगलात त्याच्या भावाला पिसोरी म्हणतात. जंगलात वाघ आहे, नर हरवलाय आणि खेळणाऱ्यानं मादी होऊन त्याला शोधायचंय. कांचिल घाबरला की मागच्या टापा जमिनीवर बडवतो. त्या आवाजावरून त्याचा माग काढायचा. मादीचे कान कसे वळतील, कोणता आवाज किती आणि कुठून ऐकू येईल, हे सगळं ठरवायचं काम किनासीहचं होतं. कान जायच्या आधीपासूनचं.

तिथला मुख्य गालिह, वयानं लहान आणि मनानं सरळ. तो एकदा चहाचा पेला घेऊन तिच्याजवळ येऊन घुटमळला. "म्बाक," म्हणजे ताई, "वाईट वाटून घेऊ नका, पण हे कानांचं काम मी दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"का? मला कान नाहीत म्हणून?"

"तसं नाही हो..."

"मला एक आहे. कांचिलला दोन. मिळून तीन झाले. तुझ्यापेक्षा एक जास्तच."

गालिह चहा तिथेच विसरून गेला.

पहिल्यांदा जे बनलं ते सगळे बनवतात तसंच होतं. हेडफोनमध्ये वाघ डावीकडे असला की डाव्या कानात, उजवीकडे असला की उजव्यात. किनासीहला ते तपासता येत नव्हतं, म्हणून तिनं गालिहला बसवलं. डावं-उजवं त्याला झटकन कळलं. पण वाघ पुढून गुरगुरतोय की मागून, हे काही केल्या कळेना. तो खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवून बघू लागला, जणू वाघ भिंतीशीच उभा आहे, आणि दर वेळी खाल्ला गेला. किनासीहला आतून जरा बरं वाटलं. दोन कानांचा धडधाकट माणूस तिच्याच पंक्तीला येऊन बसला होता.

मग तिनं आपल्या पद्धतीनं सुरुवात केली. रस्त्यात हाक आली की ती काय करायची? थांबायची. चेहरा हळूहळू फिरवायची. ज्या दिशेला आवाज उजव्या कानात स्वच्छ होतो ती दिशा धरायची. कांचिलसाठीही तिनं तसंच केलं. चालताना वाळला पाचोळा एवढा वाजणार की बाकी काहीच ऐकू येणार नाही. ऐकायचं तर थांबायलाच हवं. थांबली की मादी पुढचा एक पाय अधांतरी धरून उभी राहायची, कान खेळणाऱ्याच्या हातानं वळायचे आणि कान जिकडे रोखले तिकडचा आवाज पुढे यायचा, बाकीचं जंगल मागे सरायचं. कानांच्या त्या वळण्यावर तिनं अख्खा उन्हाळा घालवला. घरी भाजी चिरता चिरता मान वळायची तिची.

गालिहला कान आवडले, थांबणं आवडलं नाही. "लोकांना दम नसतो म्बाक. आपण कोपऱ्यात एक छोटा बाण दाखवू. आवाज जिकडून आला तिकडे बाण वळणार. बिचाऱ्यांना कशाला त्रास?"

"बाण दिसला की ऐकेल कोण?"

"न ऐकताच नर सापडला तर बिघडलं काय?"

बिघडलं काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या खिशात रोज संध्याकाळी एक बाण येत होता. पण ते काही गालिहला सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी असं ठरलं, की रविवारी सगळ्यांनी घरच्या माणसांना बोलवायचं, त्यांना खेळू द्यायचं. बाणाशिवाय नर सापडला तर बाण नको. नाही सापडला तर किनासीहनं मुकाट्यानं बाण लावायचा.

रविवारी विदाग्दो इस्त्रीचा बाटिकचा शर्ट घालून आला. सोबत हिरव्या किपो मिठाईच्या पुड्या, जणू कुणाच्या बारशाला आलाय. जन्मात कधी गेम खेळलेला नाही. त्यानं ते खेळायचं यंत्र दोन्ही हातांत असं धरलं की किनासीहला वाटलं, आता हा त्याच्यावर नक्षी काढतो.

"हे पाय," ती त्याच्या डाव्या बाजूला बसून म्हणाली, म्हणजे तो तिच्या चांगल्या कानाकडे येईल. "हे कान."

"आणि हात?"

"कांचिलला हात नसतात, मास."

"मग अवघड आहे त्याचं," विदाग्दो म्हणाला आणि त्यानं मादीला जी पळवली ती थेट वाघाच्या तोंडात. "खाल्लं!" तो दुखावून म्हणाला. सगळे हसले. दुसऱ्यांदाही खाल्लं. मग मात्र माणूस सावध झाला. थांबला. कुठूनतरी टापा वाजल्या, टप-टप-टप-टप. त्यानं कान वळवायला सुरुवात केली, हळूहळू, जीभ दातांत धरून. तेवढ्यात टापा थांबल्या. जंगल गप्प झालं. मादी एक पाय उचलून उभी, कान इकडे वळतायत, तिकडे वळतायत, कुठे काही नाही.

"दिक," तो बायकोला म्हणाला, दिक म्हणजे धाकटी, "हा गप्प का बसला?"

"वाघ आहे ना जवळ. तो एकदाच आवाज देतो. शहाणं जनावर आहे."

"एकदाच? मग तिला कळायचं कसं?"

"कळलं तर कळलं."

"हे कसलं शहाणपण!" विदाग्दो चांगलाच तापला. सासऱ्याच्या झाडूपुढे न तापलेला माणूस, कांचिलवर तापला. "ती बिचारी उन्हातान्हाची कान फिरवत उभी आहे आणि हा झुडपात तोंड मिटून! अरे बडव ना पाय! बडव की लेका! ती येतेय ना शोधत? चुकेल, परत वळेल, पुन्हा चुकेल. तुझं काय जातंय? तू बडवत राहा! गप्प बसलास तर तिला वाटेल, गेला हा सोडून."

पुन्हा हशा पिकला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. हसला नाही तो एकटा विदाग्दो. त्याचे हात यंत्रावर थांबले होते. त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. किनासीहनं त्याचा शब्द न् शब्द ऐकला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. डोळे भरून आले होते, म्हणून ती खाली वाकून कुठलीशी वायर काढायला लागली, जी काढायची गरज नव्हती, आणि त्यामुळे पडदाच बंद पडला.

"पाक विदाग्दो," म्हणजे विदाग्दोकाका, "बरोबर बोलले," गालिह मागून म्हणाला. त्याला यातलं काही कळलेलं नव्हतं. "नरानं गप्प बसायला नको. मादी उभी आहे तोवर त्यानं वाजवत राहायचं. बघू बाणावाचून जमतं का."

तसं केलं आणि जमलं. पुढच्या वेळी आलेल्या माणसांपैकी बहुतेकांना नर सापडला. ज्यांना नाही सापडला ते स्वतःवरच चिडून पुन्हा खेळायला बसले. बाण अगदी काढला नाही. ज्याला हवा त्यानं तो लावून घ्यावा अशी सोय ठेवली, आणि त्यासाठी किनासीहच अडून बसली. बाणावाचून ज्यांचं खरोखर अडतं अशी माणसं असतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

घरी मात्र काही बदललं नाही. सोमवारी फोन थरथरला: 'नदी'. मंगळवारी 'बाजार'. त्याला कळलं होतं, तिला माहीत होतं की त्याला कळलंय, आणि तरी रोज तो एक शब्द येत राहिला. मनातलं मनातच मुरवायचं ही त्या मुलखाची खोडच आहे, आणि हे दोघे त्यात मुरलेले. ती सोयाबीनच्या तेंपेचे काप करताना सुरी अशी आपटायची की बू तुकिनेम भिंतीपलीकडून विचारायची, "कुणाला मारतेस गं?" किनासीहनं ठरवलं, आता सरळ सांगायचं: मास, मला हाक मारा. वाक्य तिनं चुलीपुढे घोळवून पाठही केलं. तो जेवायला समोर बसला की तिच्या तोंडून निघायचं, "भात वाढू?"

मग एका संध्याकाळी, मगरिबची बांग होऊन गेल्यावर, फोन गप्पच राहिला. त्याची यायची वेळ टळली. किनासीह स्वयंपाकघर नि बैठकीच्या मधल्या उंबऱ्यात ओल्या हातांनी उभी होती, आणि आवाज आला. आधी नुसती हवा, फुसकी. सवय गेली होती बिचाऱ्याची. मग घुमला. घू, घुघू, घू.

पाय आपोआप बाजाराच्या दाराकडे धावले. तिनं अडसराला हात घातला आणि तशीच थांबली. उघडलं की कळणारच होतं. गल्ली रिकामी दिसली तर उरलं ते दुसरं दार. तसं नुसतं बघून कळायला नको होतं. ती मागे फिरली आणि घराच्या मधोमध येऊन उभी राहिली.

गल्लीतले होले जागे झाले होते. इकडून घू, तिकडून घू, सगळे एकाच कानाशी गर्दी करून. तिला काहीच उमगेना. छाती धडधडत होती, तीही त्याच कानात. पाखरं दमून गप्प झाली, आणि तिला भीती वाटली, की आता तोही गप्प बसणार.

घू, घुघू, घू.

तिनं चेहरा हळूहळू वळवायला सुरुवात केली. एवढ्यात शेजारच्या खिडकीतून बू तुकिनेमचा आवाज आला, "कोण गं हे दिवेलागणीनंतर शीळ घालून सापांना बोलावतंय? अगं, तुझा नवरा दिसतोय की! किनासीह, तो बघ तिकडे..."

"बू, सांगू नका!" किनासीह एवढ्या मोठ्यानं ओरडली की होले पुन्हा फडफडले. "पाया पडते, सांगू नका!"

"बाई बाई, वेडी झाली ही," म्हणत खिडकीतली म्हातारी गेली.

पुन्हा घुमला. ती वळली. भिंतीकडे तोंड केलं तेव्हा आवाज जाडसर झाला, आणखी वळली तेव्हा पातळ. परत मागे आली. घू, घुघू, घू. त्याला आतलं काहीच दिसत नव्हतं, ती उठली की नाही, कुठल्या दाराशी गेली, काही नाही. पण तो थांबत नव्हता. आणि एका जागी, चूल डोळ्यांसमोर आली तेव्हा, साद एकदम स्वच्छ झाली. सादेला जागा आली. नदीकडे. बोळात, पायरीपासून जरा अलीकडे, चिंचेच्या झाडाच्या बाजूला. पूर्वी कळायचं तसंच अगदी कळलं, फक्त वेळ लागला.

ती स्वयंपाकघरातून चालत दारापर्यंत गेली. अडसरावर हात ठेवला. फळीच्या पलीकडे तो दम घेत होता, दोन सादांच्या मधला त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. आता फक्त अडसर उचलायचा होता. तिनं उजवा कान फळीला लावला आणि अडसर तसाच राहू दिला. इतक्या दिवसांची साद राहिलेली होती, अजून एकदा ऐकायची होती.

तो घुमत राहिला.